एका वाक्यात एकच नकार

रामटेके सरांच्या घरी चहा नको असेल तर 'नको' एकदाच म्हणावं. 'नाही, नको' म्हटलं की भरलेला कप पुढ्यात येई. "दोन नकार म्हणजे होकार!" कोणी घाबरून 'नाही, नाही, नको' म्हटलं, तर सर बोटांवर मोजत आणि कप निमूट परत नेत.

आमचा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, त्यानंतर माझी बदली आसगावच्या शाळेत झाली. मी मराठीचा, सर इंग्रजीचे. पवनीहून आम्ही एकाच बसने जायचो. वर्गात एखादा पोरगा 'आय डोन्ट नो नथिंग' म्हणाला की सर खूश. "म्हणजे तुले सगळंच येते! ये, फळ्यावर लिही." पोरगा रडकुंडीला. "एका वाक्यात एकच नकार, बाप्पा! भाजीत कोणी दोनदा मीठ टाकते का?" मुख्याध्यापकांची नोटीससुद्धा त्यांनी सगळ्यांदेखत दुरुस्त केली होती. शेवटी त्यांच्यासमोर इंग्रजीचा शब्द काढायची कोणाची छाती होईना. मराठीचा शिक्षक म्हणून मला आनंदच झाला. आज त्याची लाज वाटते.

निवृत्ती जवळ आली तेव्हा सर बसमध्ये म्हणाले, "लांजेवार सर, माझ्या निरोपाले तुम्ही इंग्रजीत बोलजा. पाचच मिनिटं."

"मी? इंग्रजीत?"

"काहून? बोला ना जी."

मी हो म्हणालो. भाषण लिहिलं, पाठही केलं. पण समारंभाच्या सकाळी धीर सुटला. घसा बसल्याची चिठ्ठी पाठवून मी घरी बसलो. नंतर कळलं, तीन भाषणं झाली, तिन्ही मराठीत.

दुसऱ्या दिवशी सर दारात. हातात अडुळशाच्या काढ्याचा थर्मास.

"बोलू नका, घशाले त्रास होईल," म्हणत त्यांनी पेला भरला. मग खुर्ची ओढून बसले. "बायको बोलत जाये माझ्यासंगं इंग्रजी. चुकत जाये. मी तिले इतकं दुरुस्त केलं का तिनं बोलणंच सोडलं. आता ते बी नाही राहिली. काल तुम्ही कसंबी बोलले असते ना, मी एक अक्षर काढलं नसतं."

माझा घसा ठणठणीत होता. तो कडूजहर काढा मी मान खाली घालून संपवला.

"उद्या आणखी आणतो," सर म्हणाले. त्यांचा चेहरा खुलला होता.

आठवडाभर ते रोज आले, तासभर बसले. आठवडाभर मी घसा बसलेलाच ठेवला. खरं सांगितलं तर येणं थांबेल, अशी भीती वाटायची.

मग सरांचा मुलगा त्यांना कायमचं नागपूरला घेऊन निघाला. मी पवनीच्या स्टँडवर गेलो. म्हटलं, आता तरी इंग्रजीत बोलायचं, चुकलं तर चुकलं. खिडकीजवळ जाऊन तोंड उघडलं, तोच सरांनी घाईघाईनं हात बाहेर काढून मला थांबवलं.

"राहू द्या जी," ते म्हणाले, "घसा जपा."

आणि गाडी सुटली.