हणमंतरावांचा मीटर

पंगतीला बसताना माणसं शर्टाच्या खिशात चष्मा ठेवतात. माझे साडू हणमंतराव मल्टिमीटर ठेवतात.

ते कराडच्या एका शाळेत विज्ञान शिकवतात, पण त्यांच्या जिभेला सुट्टी कधीच नसते. कडेगावला सासुरवाडीत आले की लोणचं, ओला ऊस, सासऱ्यांचा तळहात, दिसेल त्याला मीटरच्या पिना टेकवून "रोध बघू" म्हणतात. यंदा अधिक महिन्यातल्या धोंड्याच्या जेवणाला त्यांनी माझा हात धरला. "साडू, तुमचा रोध लय हाय गड्या. करंट पुढं सरकंना!" अख्खं घर हसलं, माझी बायको सगळ्यांत जास्त. कोरड्या हाताचा रोध जास्तच असतो, हे मलाही ठाऊक आहे. पण मला विचारतो कोण?

खरं सांगतो, माझा जळफळाट होतो. गोठ्यातला दिवा मिणमिणायचा. मी म्हणालो, बल्ब बदला. हे म्हणाले, "तार लांब आन् बारीक, म्हणून रोध वाढलाय. जाड वायर टाका." टाकली, आणि दिवा लख्ख पेटला! तेव्हापासून सासूबाई तूप आधी त्यांनाच वाढतात. त्यांची बायको, माझी मेहुणी सुरेखा, गेल्या वर्षी वारली. धोंड्याचा मान लेक-जावयाच्या जोडीला असतो. जोडीनं मी बसलो होतो, तरी पहिला पाट त्यांचा.

वाढणं चालू असताना कुणीतरी विचारलं, हा अधिक महिना येतो कुठून? झालं! आमटीची वाटी सूर्य झाली, पुरणाचा धोंडा पृथ्वी, आणि माझ्या ताटातलं भजं चंद्र.

"चंद्राच्या बारा आमुशा झाल्या, तरी पृथ्वीची सूर्याभोवतीची एक फेरी पुरी हुईत न्हाई. अकराएक दिस उरत्यात. ते तीनएक वर्सं साठवायचं आन् त्याचा महिना करून वर्सात बसवायचा."

सगळे तोंड उघडं टाकून ऐकत होते. माझं भजं काही परत आलं नाही.

एवढ्यात सासूबाई जावयाच्या वाणाचा चांदीचा दिवा घेऊन त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या. हणमंतरावांनी हात मागं घेतला. "आवं मामी, सुरेखाच न्हाई. आता मला कशापायी ह्यो मान?"

"आत्ता तुमीच सांगितलं न्हवं? उरल्यालं दिस बी वर्सात बसवत्यात. मग पावणं, तुमास्नी कुठं टाकू?"

हणमंतरावांनी तळहातानं डोळे पुसले. घाईघाईनं मीटर काढून त्याच ओल्या तळहातावर पिना टेकवल्या आणि म्हणाले, "रोध पार उतरलाय."

मी तेव्हाही जळलोच. असं काही सासूबाई मला जन्मात म्हणणार नाहीत. हणमंतरावांच्या शेजारचा जोडीचा पाट रिकामा होता. मी माझं ताट उचललं आणि तिथं जाऊन बसलो. नाहीतरी तूप आधी तिकडंच येतं.