सहा मिनिटांत नऊशे नव्याण्णव मीटर

"आकडे माझ्यापुढे खोटं बोलूच शकत नाहीत!" असं संख्याशास्त्रज्ञ आकडेसाहेब दिवसातून तीनदा तरी ऐकवायचे. इस्पितळातला प्रत्येक अभ्यास शेवटी त्यांच्याच टेबलावर यायचा, त्यामुळे त्यांना उलट कोण बोलणार?

या वेळचा अभ्यास डॉक्टरबाईंचा होता. दम लागणाऱ्या निम्म्या रुग्णांना श्वासाचा नवा व्यायाम, निम्म्यांना नेहमीचेच उपचार. तीन महिन्यांनी प्रत्येकाला सहा मिनिटं चालवायचं आणि अंतर मोजायचं. दोन वर्षं या सगळ्या नोंदी सिस्टरबाईंनी ठेवल्या होत्या. फाइल देताना त्या म्हणाल्या, "साहेब, यातल्या एका आकड्याबद्दल जरा सांगायचं होतं."

"सिस्टर, आकड्यांचं मी बघतो, तुम्ही इंजेक्शनांचं बघा!"

त्या फाइल ठेवून वॉर्डकडे वळल्या.

तासाभरात निकाल हजर! नव्या व्यायामाचे रुग्ण सरासरी दीडशे मीटर जास्त चालत होते. डॉक्टरबाई खुर्चीतून उठल्याच. "दीडशे? नक्की ना हो?"

"मॅडम, काळ्या दगडावरची रेघ!"

दुसऱ्याच दिवशी बाईंनी भरल्या सभागृहात निकाल मांडला. टाळ्यांचा कडकडाट! पहिल्या रांगेत आकडेसाहेब फुगून टम्म.

तेवढ्यात छातीविकारांचे वयस्कर डॉक्टर उठले. "सगळ्यात जास्त कोण किती चाललं?"

"नऊशे नव्याण्णव मीटर! आणि एक नाही, एकोणीस जण!" आकडेसाहेबांनी बसल्या जागेवरून सांगितलं.

"सहा मिनिटांत? अहो, हे दम लागणारे रुग्ण की शर्यतीचे घोडे?"

सभागृह खो खो हसलं. हसू ओसरल्यावर मागच्या रांगेतून सिस्टरबाईंचा आवाज आला. "ते चाललेच नाहीत, साहेब. जो व्यायाम सोडून गेला, तपासणीला आलाच नाही, त्याच्यापुढे मी नुसती खूण म्हणून नऊशे नव्याण्णव लिहिलंय. तेच सांगायचं होतं काल."

आकडेसाहेबांच्या कानांतून वाफा निघाल्या. म्हणजे जितके जास्त रुग्ण पळाले, तितका व्यायाम गुणकारी! डॉक्टरबाईंनी तिथेच हात जोडून निकाल मागे घेतला. बाहेर व्हरांड्यात त्या साहेबांच्या शेजारून सरळ पुढे निघून गेल्या. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं साहेबांना वाटलं.

ते थेट सिस्टरबाईंकडे गेले. "माझं चुकलं, सिस्टर. तुमचं ऐकून घ्यायला हवं होतं."

सिस्टरबाईंनी एकोणीस फोन नंबरांचा कागद पुढे केला. "माझं राहू द्या. आता यांचं ऐका."

पहिला नंबर एका निवृत्त शिक्षकांचा निघाला. साहेबांनी चाचरत विचारलं, "गुरुजी, तुम्ही व्यायाम सोडलात... काही त्रास झाला का?"

"व्यायाम झकास होता हो!" पलीकडून धापा टाकत उत्तर आलं. "पण शिकवता तिसऱ्या मजल्यावर, आणि तुमची लिफ्ट कायम बंद! तीन जिने चढता आले असते, तर तुमच्याकडे आलो कशाला असतो?"

साहेबांनी हे लिहून घ्यायला पेन उचललं. फाइलमध्ये बावन्न रकाने होते. लिफ्टचा एकही नव्हता.