आप्पासाहेब विश्वास ठेवतात

"आण इकडे! दहा हजार कागद साक्षांकित केलेत या हातांनी. तुझा एक दाखला म्हणजे दोन मिनिटांचं काम!" आप्पासाहेब नातीला असं म्हणाले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते, एवढं फक्त ध्यानात ठेवा.

नात स्पृहा कॉलेजातून हात हलवत परत आली होती. तिच्या अधिवास दाखल्याच्या प्रिंटवर अधिकाऱ्याच्या डिजिटल सहीशेजारी भलंमोठं पिवळं प्रश्नचिन्ह होतं. प्रवेशाच्या खिडकीतल्या बाई म्हणाल्या होत्या, "प्रश्न आमच्याकडे भरपूर आहेत. सही तपासून हिरवी खूण आणा. चारला खिडकी बंद, आणि तुमची सीट पुढच्याला!"

लॅपटॉप आप्पासाहेबांचा. स्पृहानं प्रश्नचिन्हावर क्लिक केलं, दोन-तीन बटणं दाबली आणि चौकट उघडली: या प्रमाणपत्रावर विश्वास ठेवायचा का?

"हो म्हणा, आजोबा."

"कुणावर ठेवायचा?"

"या तेजस्विनी मॅडमवर. सही त्यांची आहे."

"मी ओळखत नाही यांना!"

"ओळखायला नको. एक संस्था त्यांची हमी घेते."

"आणि त्या संस्थेची हमी?"

"तिच्या वरची संस्था."

"आणि तिची?"

"आजोबा, अडीच वाजले!"

पण आप्पासाहेब राजपत्रित अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. सख्ख्या मेहुण्याची गुणपत्रिकासुद्धा त्यांनी मूळ प्रत पाहिल्याशिवाय साक्षांकित केली नव्हती. मेहुणा अजून बोलत नाही! अनोळखी बाईवर नुसतं बटण दाबून विश्वास? छे! त्यांनी लॅपटॉप काखोटीला मारला, स्पृहाच्या स्कूटरवर मागे बसले आणि थेट तहसील कचेरीत चल म्हणून फर्मावलं.

अप्पा बळवंत चौकातल्या वाहतुकीच्या कोंडीतच अर्धा तास गेला. स्पृहा नुसती हॉर्न वाजवत होती. आपल्या हट्टापायी पोरीची सीट गेली तर, हा विचार आप्पासाहेबांच्या डोक्यातून जाईना. पण आता मागे फिरायचं कोणत्या तोंडानं?

तेजस्विनी मॅडम फायलींच्या ढिगामागे बसल्या होत्या.

"ही सही आपलीच का?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"काका, रोज तीनशे दाखल्यांवर असते. आधी आपण कोण ते सांगा. ओळखपत्र?"

पाकीट घरी! स्पृहानं घाईघाईनं मोबाइलवर आजोबांचं ओळखपत्र उघडलं. त्याच्या कोपऱ्यात पिवळं प्रश्नचिन्ह!

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "काका, इथे तर तुमचीच खात्री पटत नाहीये."

"मी देते ना खात्री! माझे आजोबा आहेत," स्पृहा म्हणाली.

"आणि तुझी खात्री कोण देणार?"

"...आजोबा."

अख्खी कचेरी हसली. भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन झाले होते. आप्पासाहेबांनी मुकाट्यानं लॅपटॉप उघडला आणि 'हो' म्हटलं. खूण हिरवीगार!

मॅडमनी आपल्याच प्रिंटरवर कागद काढून दिला. "पळ, पोरी! काका, तुम्ही थांबा."

कॉलेज दोन चौकांवर. आप्पासाहेब बाकावर बसून घड्याळाकडे पाहत राहिले. इतकी भीती त्यांना स्वतःच्या निकालाचीही वाटली नव्हती. चारला पाच कमी असताना फोन वाजला.

"आजोबा, घेतला कागद! झाली अ‍ॅडमिशन!"

त्यांचे डोळे भरून आले. ते उठले आणि मॅडमना म्हणाले, "आता आपल्यावर माझा पूर्ण विश्वास आहे."

"छान. तुमची ओळख मात्र अजून पटायची आहे," मॅडम फायलीतून मान वर न करता म्हणाल्या. "थांबा, चहा सांगितलाय."