थोर हॅम्बर्गर आणि लांबची बहीण

कोणताही पदार्थ थोर व्हायचा, तर आधी तो दुसऱ्या गावात असावा लागतो. आपल्या गल्लीत मिळतो तो नुसतं पोट भरतो. हा सिद्धान्त प्रांतिक थोर हॅम्बर्गर शोध मंडळाने पुष्कळ पेट्रोल जाळून सिद्ध केला आहे, आणि मंडळाच्या चिटणिसांइतका तो दुसऱ्या कुणाला पटलेला नाही.

चिटणीस विमा कचेरीतून निवृत्त झालेले गृहस्थ. नोकरीत असताना लोक केव्हा मरतील याचा अंदाज बांधायचे. आता लोकांनी कुठे जेवावं ते सांगतात. (फरक वाटतो तेवढा नाही.) मंडळात आणखी दोघं. अध्यक्ष दातांचे डॉक्टर, कारण घास शेवटी दातांनीच घ्यायचा असतो. आणि सदस्य म्हणजे ज्यांची गाडी आहे ते. त्यांना खारट-आळणी काही कळत नाही, पण गाडी त्यांची असल्यामुळे त्यांच्या मताला मान आहे.

मंडळाची यादी वर्तमानपत्रात येई, आणि पुढच्या रविवारी माणसं मुलाबाळांसकट तिथे रांगा लावीत. यादीत आलेलं हॉटेल बंद पडल्याचं उदाहरण नाही. (चव बिघडल्याची आहेत. त्यासाठी नियम नाही.)

बाकी नियम मोजके आणि शास्त्रशुद्ध. हॉटेल किमान साठ किलोमीटर लांब असावं, कारण भुकेशिवाय चव नाही आणि प्रवासाशिवाय भूक नाही. तिथे ताटकळावं लागावं. मालक तुसडा असावा: मंडळाच्या पाहणीनुसार ब्याऐंशी टक्के थोर हॅम्बर्गर गुरकावून वाढले जातात, उरलेले आपटून. आणि शेवटचा नियम चिटणिसांनी स्वतः घातलेला: परीक्षकाच्या जवळच्या नातेवाइकाचं हॉटेल विचारात घेतलं जाणार नाही.

आता चिटणिसांच्या घराखालीच त्यांच्या थोरल्या बहिणीचं हॅम्बर्गरचं हॉटेल होतं. चार टेबलं आणि एक पंखा, ज्याचा वारा बरोबर त्याच्या खालचं टेबल सोडून सगळीकडे लागायचा. ताई खिम्याचा गोळा तापल्या तव्यावर टाकायची आणि सासूच्या जुन्या लोखंडी इस्त्रीने दाबायची. त्यामुळे त्याला एका बाजूने टोक यायचं आणि कडा जाळीसारखी कुरकुरीत व्हायची. चिटणीस तो रोज संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून, वर्तमानपत्र वाचत खात. कसा झालाय विचारलं की म्हणत, "ठीक." मान वर न करता.

एका संध्याकाळी ताई म्हणाली, "ऐक. महिनाअखेर घरमालक गाळा जिमवाल्याला देणार. गिऱ्हाईक नाही तर जागा कशाला अडवता, म्हणाला. तुझ्या यादीत एकदा नाव घाल माझं."

"ताई, तू जवळची नातेवाईक."

"मग?"

"शिवाय अंतर एक जिना."

"आणि रोज गिळतोस ते?"

"ते परीक्षण नव्हे. ते जेवण."

ताईने इस्त्री जरा जास्तच दाबली. "थोर आहेस बाबा," ती म्हणाली. (त्या घरात हा शब्द हॅम्बर्गरसाठी वापरत नसत.)

महिनाअखेर शटर पडलं. ताईने तवा, इस्त्री आणि चार टेबलं टेम्पोत घातली (पंखा घरमालकाचा निघाला) आणि टेम्पोवाल्याच्या शेजारी बसून रस्ता सोडून मीटरकडेच बघत राहिली. पासष्टाव्या किलोमीटरला टायरवाल्याच्या बाजूला एक रिकामं गॅरेज दिसलं. "थांबव," ती म्हणाली. "इथे थोर व्हायला हरकत नाही."

प्रकरण मंडळापुढे आलं. बाई चिटणिसांच्या सख्ख्या भगिनी, अशी शंका अध्यक्षांनी काढली. चिटणिसांनी नियम वाचून दाखवला. बंदी जवळच्या नातेवाइकांना आहे. पासष्ट किलोमीटरवरची बहीण ही लांबची नातेवाईक होय. ठराव एकमताने मंजूर झाला. (गाडीवाले सदस्य टाकी भरायला गेले होते, परतल्यावर तेही एकमतात आले.)

रविवारी मंडळ पोचलं. आत सगळी टेबलं रिकामी होती, तरी ताईने तिघांना बाहेर टायरांवर बसवून ठेवलं. अध्यक्षांनी पाणी मागितलं, तर "नळ तिकडे" म्हणाली. तुसडेपणाचा तिला वेगळा सराव करावा लागला नाही. भावाकडे पाहिलं की आपसूक जमत होतं. मग बशा आपटल्या.

चिटणिसांनी घास घेतला आणि डोळे मिटले. हातात वर्तमानपत्र नव्हतं, त्यामुळे लक्ष तोंडाकडे गेलं. "असं टोक, अशी कडा, मी जन्मात खाल्लेली नाही," ते म्हणाले, आणि अगदी प्रामाणिकपणे म्हणाले. परीक्षणात त्यांनी टोकाचं श्रेय तिथल्या पाण्याला दिलं आणि कडेचं तिथल्या हवेला.

पुढच्या रविवारी रांग टायरवाल्याच्याही पलीकडे गेली. रांगेत चिटणिसांची सगळी गल्ली होती: वरच्या मजल्यावरच्या काकू, समोरचा शिंपी, खुद्द घरमालक. "असं काही आपल्याकडे मिळत नाही हो," ते एकमेकांना सांगत होते. जिमवालाही आला होता, जिम बंद ठेवून.

चिटणीस मात्र अजून रोज संध्याकाळी जिना उतरतात आणि जुन्या दारापाशी वर्तमानपत्र उघडतात. आतून लोखंड आपटल्याचा आवाज येतो. मागोमाग वास येत नाही. मग ते वर जाऊन बिस्किटं खातात.

एका रविवारी रांगेतून पुढे पोचल्यावर त्यांनी मान वर केली. "ताई, थोर."

"कोण? बर्गर की मी?"

चिटणिसांनी सगळे नियम आठवून पाहिले. माणसांबद्दल त्यांत काही नव्हतं. "परत ये की," ते हळूच म्हणाले.

"आले असते रे," ताई म्हणाली, आणि या खेपेला बशी आपटली नाही, ठेवली. "पण मग जवळची होईन. चल, सरक. पुढचा."

मंडळाकडे आता पत्त्यासाठी रोज विचारणा होते. पत्ता देण्यापूर्वी मंडळ एवढंच विचारतं, की आपण राहता कुठे? कारण त्या गॅरेजच्या वरही माणसं राहतात. ती अजून ताईकडे खायला खाली उतरलेली नाहीत. दर रविवारी सकाळी लवकर आवरून, थोर हॅम्बर्गर खायला, ती साठ किलोमीटर लांब जातात. आपण त्यांच्यापैकी असाल तर पत्त्याची गरज नाही. ज्या वासाची गेल्या आठवड्यात आपण तक्रार केलीत, तोच तो.