चंद्रकळेचा पिसारा

एका जंगलात, जिथे वाघसुद्धा मुहूर्त बघून शिकारीला निघत असे, चंद्रकळा नावाची एक लांडोर राहत होती.

बाळांनो, मोराला पिसारा असतो आणि लांडोरीला नसतो, हे तुम्हाला शाळेत शिकवलंच असेल. पिसारा नसल्यामुळे लांडोरीला कामं करता येतात. चंद्रकळेकडे टेहळणीचं काम होतं. पाणवठ्याजवळच्या उंच अर्जुनाच्या झाडावर ती बसायची. वाघ दिसला की ओरडायची. मग हरणं पळायची, ससे झुडपात शिरायचे आणि वाघ तिच्याकडे बघून नुसती मान हलवायचा.

काम चोख होतं. पण एक गोष्ट तिला छळत होती. तिची अंडी वेळेवर येत नव्हती.

आता इथे जरा थांबायला हवं. त्या जंगलात 'अंडं' हा शब्द कोणी मोठ्याने उच्चारत नसे. वाघाने कोणाला कुठून फाडलं, याची वर्णनं पिलांसमोर चवीने चालत. अंड्याचं नाव निघालं, की मात्र सगळे इकडेतिकडे बघत. अंड्याला 'तिकडचं' म्हणत. अर्ध्याहून जास्त जंगल तिकडूनच आलं होतं, तरीसुद्धा.

तर चंद्रकळेचं तिकडचं कधी महिनोन्‌महिने यायचंच नाही. आलं की थांबायचं नाव घ्यायचं नाही. दाणे पूर्वीइतकेच टिपायची, तरी अंग जड होत चाललं होतं. झाडावर चढता चढता धाप लागायची.

त्यातच एका सकाळी पाणी पिताना तिला पाण्यात स्वतःची पाठ दिसली. पाठीवर एक पीस होतं. निळंहिरवं, चकचकीत, मध्ये डोळा असलेलं. थेट मोराचं.

तिने ते उपटलं. दुखलं. पुढच्या आठवड्यात तिथे आणखी पिसं उगवली. मग रोज पहाटे कामावर जाण्याआधी करवंदीच्या जाळीआड बसून पिसं उपटायची, हा तिचा नेमच झाला.

"होतं असं या वयात," आई म्हणाली. "माझ्या सासूबाईंच्या पाठीवर तर चांगला झुपका होता. कणखर बाई म्हणायचे त्यांना."

"आजीला त्रास नाही झाला त्याचा?"

आईने विचार केला. "कोणी विचारलं नाही," ती म्हणाली.

शेजारी टिटवीकाकू राहत. आभाळ कोसळलं तर तोलून धरता यावं म्हणून टिटवी पाय वर करून झोपते म्हणतात. त्यामुळे आभाळाखालचं सगळंच आपल्या जबाबदारीत येतं, अशी काकूंची समजूत होती. त्यांनी चंद्रकळेला मेथीचं पाणी सांगितलं. माकडीण म्हणाली, मेथी नको, दालचिनी घे. सशीण म्हणाली, सकाळी धावत जा. कासवीण म्हणाली, धावल्यानेच हे असं होतं. चंद्रकळेने सगळं करून पाहिलं. तिच्या अंगाला मेथीचा असा वास येऊ लागला, की ती कुठल्या फांदीवर बसली आहे हे वाघाला मान वर न करता कळायचं.

शेवटी ती दवाखान्यात गेली. दवाखाना अस्वलाचा होता. अस्वल मधाचं पोळं चाटत बसलं होतं.

"वजन कमी करा," ते वर न बघता म्हणालं.

"डॉक्टर, मी खाते तेवढंच. तरी..."

"गोड बंद." अस्वलाने पंजा चाटला. "लग्न झालंय?"

"नाही."

"करून टाका. सगळं आपोआप ठीक होतं."

"कोणाशी करू, तेही औषधात लिहून द्याल का?"

"तुम्ही प्रश्न फार विचारता," अस्वल म्हणालं. "हेही एक लक्षणच आहे."

डॉक्टरांचाच शब्द तो. आईने लगेच स्थळ पाहिलं. डोंगरावरचा मोर, नाव मयूरेश. तो आपल्या आईला घेऊन बघायला आला. चंद्रकळा त्या दिवशी उजाडल्यापासून जाळीआड होती. पाठ सोलून निघाली होती.

मयूरेशने आधी पिसारा फुलवून दाखवला. मग थोडा नाचला. मग त्याच्या आईने विचारलं, "मुलीला काय काय येतं?"

"वाघ ओळखता येतो," चंद्रकळा म्हणाली.

"नाचता येतं का?"

"नाही. नाचत बसले तर वाघ राहून जातो."

आईने डोळे वटारले. चंद्रकळा पाहुण्यांसाठी जांभळं आणायला वळली. आणि उपटायचं राहून गेलेलं एक पीस उन्हात लखलखलं.

मयूरेशच्या आईने ते पीस पाहिलं. मग स्वतःच्या मुलाकडे पाहिलं.

"आई," मयूरेश हळूच म्हणाला, "माझ्यापेक्षा जास्त निळं आहे ते."

पाहुणे जांभळं न खाता गेले. संध्याकाळपर्यंत टिटवीकाकूंनी ही गोष्ट एकेकाला, 'कोणाला सांगू नकोस' म्हणून सांगितली. बाळांनो, टिटवीचा आवाज तुम्ही ऐकला असेल. एकेकाला सांगितलेलं सगळ्यांना एकदमच कळलं.

चंद्रकळा दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी कामावर गेली. खाली हरणं पाणी पीत होती. त्यांनी वर पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं आणि परत पाण्यात तोंड घातलं. त्यांच्याच जिवासाठी आपण इथे चढून बसतो, असं तिच्या मनात आलं.

पुढे बरेच महिने तिचं तिकडचं बंद होतं. मग आलं, ते कित्येक दिवस थांबेना. अंगातलं रक्त आटत चाललं होतं. सांगणार कोणाला? ती तशीच झाडावर चढली. पाणवठ्याच्या पलीकडे गवत हललं. काळेपिवळे पट्टे दिसले. ओरडायला तिने चोच उघडली, पण आवाज फुटला नाही. झाड गरगर फिरलं आणि ती खाली पडली.

डोळे उघडले तेव्हा समोर वाघ उभा होता.

त्याने एका भेकरावर झेप घेतली होती. ते थोडक्यात निसटलं. तोवर मुहूर्तही टळून गेला होता, त्यामुळे वाघाला आता काही काम नव्हतं.

"आज ओरडली नाहीस," वाघ म्हणाला. "बरं नाही का तुला?"

चंद्रकळेच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या दिवसांत उपाय सगळ्यांनी सांगितले होते. हा प्रश्न विचारणारा वाघच पहिला.

"नदीपलीकडे साळिंदर डॉक्टरीण आहे," तो म्हणाला. "माझ्या पंजातला काटा तिने काढला होता. काटाही तिचाच होता, पण काढला छान."

आई नदीपलीकडे जायला तयार नव्हती. "लोक काय म्हणतील?"

"लोकांचं म्हणून झालंय, आई," चंद्रकळा म्हणाली. "आता डॉक्टर काय म्हणते ते ऐकू."

साळिंदरीने दोघींना बसायला सांगितलं. मग विचारलं, "अंडं शेवटचं कधी आलं?"

आईने दचकून मागे पाहिलं.

"बाहेर कोणी नाही," साळिंदर म्हणाली. "आणि मी अंड्यातून आलेलीही नाही. तरी मला म्हणायला लाज वाटत नाही. तुम्हाला कशाला वाटते?"

ती विचारत गेली. झोप कशी लागते, थकवा केव्हापासून, पिसं कधी आली, घरात आणखी कोणाला होतं का. आईला सासूबाईंचा झुपका आठवला. साळिंदर त्यावर हसली नाही.

"आता सांग," ती चंद्रकळेला म्हणाली, "तुला स्वतःला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?"

चंद्रकळा म्हणाली, "रोज पहाटे उपटण्याचा. आणि थकण्याचा. लग्नाचं मी मागाहून बघेन."

मग तपासण्या झाल्या. रक्ताची तपासणी जळूकडे होती. तिने चव घेऊन सांगितलं, साखर थोडी वर आहे, रक्त फार कमी आहे. पोटात आवाज सोडून आत काय आहे ते सांगायचं काम वटवाघळाचं. ते छताला उलटं लटकून तपासत असे, म्हणून त्याचा निकाल नंतर सुलटा करून घ्यावा लागे.

"याला पीसीओएस म्हणतात," साळिंदर म्हणाली. "मोराचे आणि लांडोरीचे, दोन्ही हार्मोन प्रत्येकाच्या अंगात असतात. तुझ्या अंगात मोराचा वाटा जरा वाढलाय. म्हणून अंडं अडतं आणि पिसं येतात. त्यातच वजन वाढतं, आणि वजन वाढलं की बाकीचं आणखी बळावतं."

"म्हणजे माझं काही चुकलं नाही?"

"चूक शोधायला पंचायत आहे. इथे आपण आजार शोधतो."

"समूळ बरं होईल ना?" आईने विचारलं.

"तसं मी सांगणार नाही. तसं सांगणारा भेटला तर त्याच्याकडे जाऊ नका. पण आटोक्यात राहील. काम करेल, उडेल. पिलं हवीशी वाटली तर त्यालाही इलाज आहेत. गोळ्या देते, खाण्यात थोडा बदल सांगते. रोज चालायचं आणि मी बोलावलं की परत यायचं."

"आणि मेथीचं पाणी?"

"आवडत असेल तर प्या," साळिंदर म्हणाली.

गुण लगेच आला नाही. पहिले काही दिवस गोळ्यांनी मळमळायचं. एकदा तर चंद्रकळेने गोळ्या नदीत टाकायचं ठरवलं होतं. पण अंगात रक्त भरत गेलं. झाडावर चढताना धाप लागेनाशी झाली. तिकडचं बरंचसं वेळेवर येऊ लागलं. पिसं कमी झाली, पुरती गेली नाहीत. एखादं दिसलं तर ती मनात असेल तेव्हा काढायची, नसेल तेव्हा राहू द्यायची.

आणि जंगलभर बातमी पसरली, की चंद्रकळा आजारी आहे.

"गोळ्या घेते म्हणे," हरणी म्हणाल्या. "एवढ्याशा वयात." ती चक्कर येऊन झाडावरून पडत होती, तोवर तिला काही झालेलं नव्हतं. आता ती वाघ दिसताच डोंगरापर्यंत ऐकू जाईल असं ओरडत होती, आणि सगळ्यांना तिची काळजी वाटत होती. मयूरेशच्या आईनेही निरोप पाठवला. पिसाचं एक वेळ चालवून घेतलं असतं, पण गोळ्या म्हणजे फारच झालं. चंद्रकळा तो निरोप ऐकून इतकी हसली, की अर्जुनाची फांदी हलली.

एका दुपारी टिटवीकाकू झाडाखाली आल्या. बरोबर त्यांची मुलगी शेवंता होती. ती खाली मान घालून उभी होती.

"ती साळिंदर नक्की कुठे बसते गं?" काकूंनी विचारलं.

"कोणासाठी, काकू?"

"कोणासाठी नाही. शेवंताला काही झालेलं नाही. ठणठणीत आहे ती. फक्त तिचं ते तिकडचं..." काकू थांबल्या. मग म्हणाल्या, "अंडं." टिटवीचा इतका बारीक आवाज त्या जंगलात कोणी कधी ऐकला नव्हता.

चंद्रकळा खाली उतरली. "चला, मी येते बरोबर."

काकू दोन पावलं चालल्या आणि घुटमळल्या. "वाटेत लोकांनी विचारलं तर?"

"लोक म्हणजे तुम्हीच ना, काकू?" चंद्रकळा म्हणाली.

काकूंनी जरा विचार केला. मग तिघी नदीकडे निघाल्या.

तात्पर्य: बाळांनो, चारचौघांचे काढे पीत, चक्कर येऊन झाडावरून पडत राहिलात, तरी तुम्ही ठणठणीतच असता. आजारी ठरायचं असेल, तर मात्र चांगल्या डॉक्टरकडे जावं लागतं.