माणिकप्पानं धरलेला हात

मुरुडच्या माणिकप्पानं एवढंच ठरवलं हुतं, का पोरगी द्यायच्या आधी पोराचं घर डोळ्यानं बघायचं. पोरगा काय, नंतर बघता येतो. (पोरगा अंगावर कोसळत न्हाई.)

लातूरच्या भूकंपाला चार-पाच वर्सं होऊन गेली, तरी गडी अजून उशाला तांब्यावर तांब्या रचून झोपायचा. तांब्या वाजला का अंगणात. मांजरानं त्येला कैकदा थंडीत बाहेर काढला हुता.

घर पुण्यात, नवंकोरं. पोरगा श्रीनाथ तिथं कंपूटरवर नोकरीला. त्येचा बाप गुरुपादप्पा, लातूरचा रिटायर मास्तर, म्हणला, "पाहुणे, पुण्याला कामून जाताव? पोरानं घराचं चित्र नेटवर टाकलंय. हितंच बघा."

निघताना बायकू गौरम्मानं बजावलं, "आज तोंड आवरा. आपल्या श्रद्धाच्या मनात पोरगा भरलाय. अन् मास्तर तुमच्या तापट डोस्क्याला बिचकून हायत. एक शिवी दिलाव का सोयरीक मोडली म्हणून समजा."

"म्या कुणाला शिवी दिलो गं, भवाने?" माणिकप्पा वरडला.

लातुरात वाजिदचं नेटचं दुकान एका क्लासच्या खाली. वर दीड-दोनशे पोरं डाक्टर व्हायला बसलेली, खाली तीन कंपूटर. वाजिदनं पहिल्यावर पत्ता टाकला. वर श्रीनाथचं नाव आलं, अन् खाली निस्ता राखाडी चौकोन.

"ह्ये घर?" माणिकप्पा म्हणला. "ह्यो तर पत्रा हाय!"

"सबूर करा मामा. ह्या मशीनचा ब्राउझर जुना हाय. चित्राच्या आत प्रोग्राम घातलाय, त्याला जावा लागतो. ह्याच्यात जावा चालत न्हाई."

"मला फटफटी नगं. घर दाखव."

वाजिदनं मास्तरासकट तिघांला कोपऱ्यातल्या नव्या ब्राउझरच्या मशीनवर नेलं. तिथं बी आधी राखाडीच. माणिकप्पानं टेबलावर बुक्की घातली, शिवी दातात दाबली (दात दुखले), अन् तेवढ्यात घर उगवलं. दोन मजले, गॅलरी, लोखंडी गेट. गडी खूश.

"आता उंदीर फिरवा," वाजिद म्हणला अन् दुसऱ्या गिऱ्हाईकाकडं वळला.

माणिकप्पानं उंदीर धरला, नांगराची मूठ दाबावी तसा. घर हाललं. थांबवायला त्येनं उंदीर उलटा ओढला, घर आणखी हाललं. भिताडं वाकडी, गॅलरी नागिणीवानी.

"भूकंऽऽप!"

लातुरात हे दुसऱ्यांदा वरडायची पाळी येत न्हाई. माणिकप्पानं बाजूचा हात गच्च धरला अन् रस्त्यावर आला. मागं वरचा क्लास जिन्यावरून ओतला. कुणाच्या पायात चप्पल न्हाई, सर सगळ्यांच्या म्होरं.

"काका, टेस्ट चालू हुती," एक पोरगं हात जोडून म्हणलं, "देव तुमचं भलं करो."

माणिकप्पानं दम खाऊन बाजूला बघितलं. हातात गुरुपादप्पा.

तवर वाजिद पोट धरून बाहेर आला. "मामा, जमीन कुठं हालली? प्रोग्राम हाय तो! उंदीर फिरवला का चित्र पाण्यात पडल्यावानी हालतंय."

आत येऊन बघितलं तर गौरम्मा खुर्चीत तशीच. एका बोटानं उंदीर फिरवून श्रीनाथचं घर डोलवत हुती. "हात काढला का थांबतंय," ती म्हणली. नवऱ्याकडं बघितलं बी न्हाई.

गुरुपादप्पाचे डोळे भरून आलेले. "पाहुणे, आज नकारच द्यायला आलो हुतो. पण जिवावरच्या वक्ताला सख्ख्या बायकूला सोडून माझा हात धरलाव! खरं सांगा, जाणून धरलाव ना?"

माणिकप्पा घामाघूम. बायकूचा समजून धरला म्हणावं, तर पोरीचं लगीन मोडतंय. जाणून म्हणावं, तर म्होरं बायकू बसलेली.

"जाणूनच," तो म्हणला.

"वहिनीचं काय वाटलं न्हाई?"

"तिचं काय... ती हायच की."

सोयरीक पक्की झाली. वाजिदनंच शेजारच्या दुकानातून साखर आणली. गौरम्मानं सगळ्यांला वाटली. माणिकप्पाम्होरं आली तवा पुडा रिकामा.

बसस्टँडवर त्येनं तिला कोपऱ्यात गाठलं. "अगं, खरं सांगतो. म्या तुझाच हात समजून धरला हुता."

गौरम्मा थांबली. माणिकप्पाला वाटलं, मिटलं.

"त्यो हात?" ती म्हणली. "मनगटाला घड्याळ, बोटात दोन अंगठ्या, अस्वलावानी केसं. अन् तुमाला त्यो माझा वाटला?"

गाडीत ती खिडकीला बसली, बाजूला पिशवी ठिवली. माणिकप्पा दांड्याला लोंबकळत उभा. कंडक्टर आला.

"मावशी, एक का दोन? हे मालक तुमचेच ना?"

"एकच द्या," गौरम्मा म्हणली. "तेंचं व्याह्याला मागा."