मॉर्वेनाबाईंचा पाम आणि आमची समिती

हे कोणी खरं मानणार नाही, तरी सांगतो. झाडाला थंडी वाजत नाही. ती झाडाच्या वतीने माणसाला वाजते. याच शास्त्रीय पायावर आमच्या पोलवेन गावची 'कुंडी ते जमीन स्थलांतर समिती' उभी आहे. कॉर्नवॉलचा किनारा, म्हणजे हवा अगदी उष्ण प्रदेशातली (पाऊस, वारा आणि उन्हाळा वगळता).

मॉर्वेना पास्कोबाईंचा पाम चौदा वर्षं बैठकीतल्या कुंडीत वाढला आणि छताला टेकला. त्याला एकदा उघड्यावर सळसळताना बघायचंय, एवढीच बाईंची इच्छा. अर्ज रीतसर आला. समितीने पामाला हवेची सवय लावायला घेतली: पहिल्या दिवशी दहा मिनिटं अंगणात, दुसऱ्या दिवशी वीस, ढग आला की घरात. ढग रोज येत असल्याने (नोंदवही, पाने १ ते ९०) यातच दोन उन्हाळे गेले. शेवटी एका मे महिन्यात खड्डा खणला, तळाला खडी घातली, पाम लावला. बाई टाळ्या वाजवणार, तोच अध्यक्ष ट्रेगिअर म्हणाले, वारा जरा गार आहे. लगेच झावळ्या बांधून पेंढा, गोणपाट आणि वरून पांढरं कापड.

नियम असा की शेवटचं दहिवर, म्हणजे गोठलेलं दव, पडून गेलं की सोडायचं. पण ते शेवटचंच होतं, हे एप्रिलमध्ये कळणार कसं? मेमध्ये वारा. जूनमध्ये वाऱ्याची शक्यता. मग काय, हिवाळा आलाच. अशी सहा वर्षं गेली. या काळात त्याचं एकही पान पिवळं पडलेलं कोणी पाहिलं नाही. सबब समितीला तीनदा जिल्ह्यात पहिला क्रमांक. (ज्यांच्या घरी पाहुण्यांचे कप कपाटातच म्हातारे होतात, त्यांनी हसू नये.)

गेल्या मंगळवारी बाई कात्री घेऊन आल्या. ट्रेगिअर आडवे आले. "बाई, फक्त एक हिवाळा अजून."

"ट्रेगिअर, मी एक्क्याऐंशीची आहे. मला गुंडाळायच्या आधी याला सोडा."

कापड फाटलं, पेंढा गळला. झावळ्या सुटल्या, हिरव्यागार, सळसळल्या, आणि मधोमध चक्क सोळा नारळ...

इथवर सांगून मी ग्लास उचलला, तोच पबमालकीण हेड्रा टेबल पुसत म्हणाली, "जेगोकाका, या जातीच्या पामाला नारळ धरत नाहीत. एवढी थाप नको. बाकी सगळं पटतं. आमचाही आठ वर्षं गुंडाळलेला आहे, एकदम ठणठणीत."